जिहाद म्हणजे नेमके काय?

‘जिहाद’ हा शब्द ज-ह-द या अरबी धातूपासून आला. अर्थ, कसून प्रयत्न करणे. धर्मशास्त्राचा स्वतंत्र विचाराने अर्थ लावणे म्हणजे ‘इज्तिहाद’, तोही याच धातूचा. प्रत्यक्ष लढाईसाठी कुराणात ‘किताल’ हा वेगळा शब्द आहे. कुराणाच्या २५व्या सुरेत, म्हणजे अध्यायात (आयत, म्हणजे वचन, ५२) तर त्याच ग्रंथाच्या आधारे ‘मोठा जिहाद’ करायला सांगितले आहे, आणि ही सुरा मक्केतली, म्हणजे शस्त्र उचलण्याची मुभा मिळण्यापूर्वीची मानली जाते.

पण जिहादचा युद्धाशी संबंधच नाही, हे म्हणणेही खरे नव्हे. मध्ययुगीन धर्मशास्त्रीय ग्रंथांत जिहाद म्हणजे प्रामुख्याने युद्धच. पण तेही नियमांनी बांधलेले, स्त्रिया व मुलांना मारण्यास मनाई असलेले. सूफी संतांनी मात्र स्वतःच्या वासनांशी झगडण्याला थोरला जिहाद मानले. त्यामागची हदीस (पैगंबरांचे म्हणून सांगितले जाणारे वचन) अनेक तज्ज्ञ कमकुवत ठरवतात, तरी तो विचार खोल रुजला.

आधुनिक काळातही जिहादच्या अर्थावर चर्चा होत राहिली. हैदराबाद संस्थानातले मौलवी चिराग अली यांनी १८८५ मध्ये ग्रंथ लिहून पैगंबरांच्या लढाया बचावाच्या होत्या, असे मांडले. सप्टेंबर २०१४ मध्ये शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेचा म्होरक्या अल-बगदादी याला खुले पत्र लिहून त्याचा जिहादचा दावा खोडून काढला.