संत्र्यांच्या मिळकतीतून उभे राहिलेले घर

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातील रिव्हरसाइड या नगरात मॅग्नोलिया अव्हेन्यू नावाचा जो प्रशस्त राजमार्ग आहे, त्याच्या काठी १८९१ साली बांधलेले एक घर ‘हेरिटेज हाऊस’ या नावाने नगराच्या वस्तुसंग्रहालयाने जतन केले आहे. जेम्स बेटनर या बागाईतदाराच्या निधनानंतर त्याची पत्नी कॅथरिन बेटनर हिने लॉस एंजेलिसच्या मॉर्गन अँड वॉल्स या पेढीतील जॉन वॉल्स या स्थपतीकडून ते बांधून घेतले. घर देखणे आहे. परंतु त्याची शोभा यथार्थपणे समजावयाची, तर ज्या मिळकतीवर ते उभे राहिले तिचा उगम आधी पाहिला पाहिजे.

१८७० साली जॉन नॉर्थ याने वसाहत स्थापिली, तेव्हा हा मुलूख अवर्षणाचा होता. १८७३ मध्ये एलायझा टिबेट्स या बाईंना वॉशिंग्टनच्या कृषिखात्यातील विल्यम सॉन्डर्स याच्याकडून मूळ ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील एका संत्र्याची मोजकीच कलमे मिळाली. हे फळ आपल्या मोसंबीच्या कुळातले. टोकाशी नाभीसारखी खळगी, तिच्या आत दडलेले एक चिमुकले जुळे फळ, आणि बी मुळीच नाही! बी नसल्यामुळे वंशविस्ताराचा मार्ग एकच, तो म्हणजे डोळे भरून कलमे बांधण्याचा. आणि त्या मार्गानेच थोड्याशा झाडांपासून कॅलिफोर्नियाभर बागा पसरल्या. पुढे मॅथ्यू गेज याने कालवा काढून सांता आना नदीचे पाणी उंचावरच्या कोरड्या जमिनीपर्यंत नेले, हिवाळ्यात पिकणारे ते टिकाऊ फळ रेल्वेने दूरच्या पूर्वेकडील शहरांत जाऊ लागले, आणि ज्या जमिनीला कोणी विचारीत नव्हते तिचे धनी पाहता पाहता श्रीमंत झाले.

ही श्रीमंती या घराच्या अंगोपांगांतून दिसते. त्याची शैली त्या काळी अमेरिकेत लोकप्रिय असलेली ‘क्वीन ॲन’ शैली होय. आपला वाडा मधल्या चौकाकडे तोंड करून बसतो आणि रस्त्याला जाड भिंत दाखवितो. उलट या शैलीचे घर आपले सारे वैभव रस्त्याकडे मांडते. बाह्याकृती बुद्ध्याच विषम राखिलेली असते. दर्शनी भागात ऐसपैस पडवी, तिला चरकावर उतरलेले नक्षीदार खांब, आणि भिंतींवर कोठे सरळ फळ्या तर कोठे माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चकत्या. हेरिटेज हाऊसच्या आत कोरीव लाकडी जिना, रंगीत फरशा बसविलेल्या शेकोट्या आणि गॅसचे दिवे आहेत. असले लाकूडकाम वाफेच्या यंत्रांमुळे त्या काळी विपुल आणि स्वस्त झाले होते. फळे बाहेर नेणारी रेल्वे दूरचे बांधकामसाहित्यही गावात आणून टाकी.

मात्र या मिळकतीच्या जमाखर्चातील एक महत्त्वाची बाब दिवाणखान्यात दिसत नाही. फळे तोडणारे, वेचून पेट्या भरणारे, पाट फिरविणारे हात बहुतांशी चिनी, जपानी आणि मेक्सिकन मजुरांचे होते. त्यांच्या वस्त्या मालकांच्या हवेल्यांपासून दूर असत, आणि त्यांतील फारच थोड्या आज शिल्लक आहेत. लाकडाची नक्षी जपणाऱ्याने या श्रमांचीही नोंद ठेविली पाहिजे, नाही तर इतिहासाचा दस्तऐवज अपुरा राहतो.

एलायझा टिबेट्सच्या मूळ झाडांपैकी एक झाड त्याच राजमार्गावर अजून जिवंत आहे. मुळे सडू लागली तेव्हा १९१८ साली त्याच्या खोडाशी नवे खुंट जोडून ते वाचविण्यात आले, आणि आता सायला किडीमार्फत पसरणाऱ्या ग्रीनिंग रोगापासून रक्षण व्हावे म्हणून त्याच्याभोवती जाळीचा मांडव उभारला आहे. हीच कीड आणि हाच रोग विदर्भातील काटोल-वरुडच्या संत्रा-बागाईतदारांना पुरेपूर ठाऊक आहेत. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणारे कुशल हात आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या राबत आले. पण आपल्या संत्रापट्ट्यातील जुनी घरे, विहिरी, मोटेचे थारोळे आणि कलमांच्या वाड्या यांची एकत्र नोंद व्हावी तशी झालेली नाही. रिव्हरसाइडने घर आणि झाड दोन्ही राखिली, हे त्या नगराचे शहाणपण. आपल्या नोंदीला त्यापुढे एक पाऊल टाकता येईल: घर, झाड आणि मजूर ही तिन्ही एकाच वहीत यावीत, आणि ती वही जाणती माणसे हयात आहेत तोवर उघडली जावी.