एका ओळीची पन्नास वर्षं

बागेतल्या पाइपाला लागेल तसा पुढचा तुकडा जोडावा, तसे प्रोग्रामही एकमेकांना जोडता आले पाहिजेत, असं टिपण डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये लिहिलं. ते प्रत्यक्षात यायला १९७३ उजाडलं. केन थॉम्पसन यांनी एका रात्रीत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाइपची, म्हणजे एका प्रोग्रामचं उत्तर थेट पुढच्याला देण्याची, सोय केली आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एकोळी आज्ञांची झुंबड उडाली. मजकुरात हवं ते शोधणारा ग्रेप त्याच वर्षीचा, मजकूर बदलणारा सेड त्याच्या पाठोपाठ, रकान्यांवर काम करणारा ऑक १९७७चा. टर्मिनलवर बसणाऱ्यांची रोजची भाषा एवढ्या चार वर्षांत तयार झाली.

या भाषेची ताकद सगळ्यांत स्पष्ट दिसली ती १९८६ साली. एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द शोधायचे, हे काम जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी डोनाल्ड क्नूथ यांना दिलं. क्नूथ यांनी अनेक पानांचा, अतिशय देखणा प्रोग्राम लिहिला. त्याचं परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा आज्ञांच्या एका साखळीत करून दाखवलं. पहिला टीआर अक्षरं सोडून बाकी सगळ्याच्या जागी नवी ओळ टाकतो, म्हणजे दर ओळीला एक शब्द उरतो. दुसरा टीआर कॅपिटल अक्षरं स्मॉल करतो. सॉर्ट सारखे शब्द शेजारी आणतो, युनिक ते मोजतो, पुन्हा सॉर्ट, यावेळी आकड्यांनुसार उतरत्या क्रमाने, आणि हव्या तेवढ्या ओळी छापून सेड थांबतो. क्नूथ यांना प्रोग्राम साहित्यासारखा कसा लिहावा हे दाखवायचं होतं, त्यामुळे ही तुलना त्यांच्यावर थोडी अन्याय करणारीच. तरी ती साखळी मला आजही थक्क करते. यातल्या एकाही आज्ञेला शब्द मोजणं म्हणजे काय ते माहीत नाही!

पुढच्या काळातल्या सुधारणा बारीक, पण रोजच्या कामाच्या. डिस्क भरली की कुठलं फोल्डर जागा खातंय ते डीयू सांगतो. त्याचे के, एम, जी लावलेले आकडे सॉर्टला २००९ पर्यंत नीट लावता येत नव्हते, मग एच हा पर्याय आला. फाइलच्या नावात मोकळी जागा असली की फाइली शोधणारा फाइंड आणि ती नावं पुढच्या आज्ञेला देणारा एक्सआर्ग्ज ही जोडी नावाचे तुकडे करायची. दोन नावांमध्ये शून्य बाइट ठेवायचा उपाय जुनाच, युनिक्ससाठीच्या पॉसिक्स मानकात मात्र तो २०२४ साली आला.

देवनागरीची वाट याहून लांबची. सगळ्या लिप्यांच्या युनिकोड संचातली चिन्हं बाइटांत मांडणारं यूटीएफ-८ १९९२ सालचं. त्यात आपलं एकेक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणून ‘मराठी’ या शब्दाची लांबी मूळ ऑक पंधरा सांगायचा. ऑकच्या निर्मात्यांपैकी एक, ब्रायन कर्निगन यांनी २०२२ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यात युनिकोड घातलं आणि उत्तर पाच झालं. मॅकिलरॉय यांची साखळी मात्र मराठी मजकुरावर चालवली तर हाती काहीच लागत नाही, कारण तिला इंग्रजी अक्षरंच ठाऊक. पहिल्या दोन टीआरच्या जागी ग्रेप घेऊन, कॅपिटल पी हा पर्याय लावून, देवनागरी लिपीतलेच तुकडे मागितले की काम होतं. मात्र जुन्या टंकलेखनात ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह अशा तिघांनी बनतो. ते जोडचिन्ह युनिकोडच्या लेखी देवनागरी नाही. ग्रेप तिथे शब्द तोडतो, मागे ‘या’ उरतो आणि मराठीत मुळातच पदोपदी येणाऱ्या ‘या’ची संख्या फुगते. म्हणून ग्रेपच्या आधी एक सेड लावावा आणि त्या तिघांच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त घालावा, की मोजणी बरोबर येते.