काश्मिरी माशीमार: वीण उत्तरेत, हिवाळा दक्षिणेत

काश्मिरी माशीमार चिमणीहूनही लहान, जेमतेम 13 सेंटिमीटर लांब. नराची पाठ राखाडी, गळा-छाती केशरी-तांबडी आणि त्या तांबड्याला दोन्ही बाजूंनी काळी किनार. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या तांबड्या गळ्याच्या माशीमाराला अशी किनार नसते. दोघांतला फरक ओळखायचा तो इथेच.

त्याची वीण होते काश्मीर आणि पीर पंजालच्या पानझडी जंगलांत, साधारण 1,800 ते 2,700 मीटर उंचीवर. सप्टेंबरच्या सुमारास तो निघतो आणि थेट श्रीलंकेच्या डोंगराळ भागात हिवाळा काढतो. नुवारा एलियाच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये पक्षीप्रेमी खास त्याच्यासाठी जातात. काही पक्षी निलगिरीतही दिसतात.

आययूसीएनच्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. प्रौढ पक्षी दहा हजारांच्या आतच असावेत असा अंदाज. श्रीलंकेत तो बागा आणि चहामळ्यांच्या कडेलाही निभावून नेतो. खरी चिंता काश्मीरची. तिथे लाकूडतोड, शेती आणि चराईमुळे जंगल आक्रसतंय, आणि हा तर घरटं करतो झाडाच्या ढोलीत. ढोली असलेली जुनी झाडं तोडली, तर नव्या लागवडीत तशी जागा मिळायला कित्येक वर्षं जातात.