मातीचे कोट आणि चार भाषांची साक्ष: व्हाइटफील्ड परिसरातील युद्धावशेषांचे वाचन

व्हाइटफील्ड हे नाव आज संगणक-उद्योगाशी इतके निगडित झाले आहे की, त्या परिसरात युद्धाचे अवशेष शोधायला जावे ही कल्पनाच विक्षिप्त वाटावी. १८८२ साली डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने, म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर, युरेशियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांची कृषिवसाहत येथे वसली. तिच्या रचनेत तटबंदीला स्थान नव्हते. बंगळूरला पडलेल्या अखेरच्या मोठ्या वेढ्याला तोवर नव्वद वर्षे लोटली होती. परंतु ही वसाहत ज्या पठारावर वसली, ते पठार बंगळूर, होसकोटे आणि कोलार या ठाण्यांना जोडणाऱ्या लष्करी वाटांचे होते. सतराव्या शतकापासून अठराव्याच्या अखेरीपर्यंत येथून मराठे, मोगल, म्हैसूरकर आणि इंग्रज यांच्या फौजा गेल्या. त्या काळातील खेडोपाडीच्या तटबंद्यांचे पुढे काय झाले, आणि त्या आज कोणत्या भाषेत वाचायच्या, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मराठी वाचकाच्या मनातील ‘किल्ला’ हा सह्याद्रीने घडविलेला आहे. कातळकडा, बुरूज, चोरदरवाजा, पाण्याची टाकी ही त्याची चिन्हे. ही चिन्हे घेऊन म्हैसूरच्या पठारावर आलेला अभ्यासक रिकाम्या हातांनी परततो. येथील कोट मुख्यतः मातीचे होते. तांबडी चिकणमाती थरावर थर घालून चोपायची, वर हुडे उभारायचे, पायथ्याशी खंदक खणायचा आणि खंदकापलीकडे काटेरी झाडांचे दाट कुंपण वाढवायचे, अशी ही रचना होती. बंगळूरच्या पेठेभोवतीही असेच कुंपण व खंदक होते. मातीच्या तटाचा एक गुण दगडी तटाला नाही. तोफेचा गोळा लागला तर दगड फुटतो, ढासळतो. माती मात्र गोळा गिळून टाकते. तिचा शत्रू तोफ नव्हे, पाऊस. दरसाल डागडुजी झाली तरच तो तट टिकतो. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर या गावकुसांचे प्रयोजन संपत गेले, डागडुजी थांबली, आणि तटाची माती शेतात व घरांच्या भिंतींत जिरली. १८०० साली या प्रदेशातून प्रवास करणाऱ्या फ्रान्सिस बुकॅननला तटबंदीची खेडी अजून दिसत होती. देवनहळ्ळीचा कोट आज उभा दिसतो, याचे कारण मूळ मातीचा तो कोट हैदर-टिपूच्या काळात दगडात बांधून काढला गेला. ज्यांना असे भाग्य लाभले नाही, त्यांचा शोध शेताच्या बांधाला आलेले अकारण वळण, खंदकाच्या जागी साचलेले डबके किंवा वेशीवरच्या मारुतीचे देऊळ अशा खुणांवरून घ्यावा लागतो.

याहून टिकाऊ खूण शब्दांची. होसकोटे म्हणजे ‘नवा कोट’. सुगटूरच्या पाळेगाराने तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस वसविला. मराठीतील ‘हुडा’ आणि कन्नडमधील ‘हुडे’ दोन्हीही बुरुजाचे वाचक आहेत, आणि दुर्गविषयक शब्दांची ही देवघेव स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. व्हाइटफील्डशेजारच्या हूडी या गावाचे नाव याच शब्दाशी जोडण्याचा मोह अनावर होतो (प्रस्तुत लेखकालाही तो झाला होता). पण ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे; त्या नावातला दीर्घ ‘ऊ’ आधी समजावून घ्यावा लागेल.

या मुलखाशी मराठीचा संबंध अर्थातच शहाजीराजांमुळे. बंगळूर, होसकोटे, कोलार, दोडबळ्ळापूर व शिरे हे त्यांच्या जहागिरीत होते. त्यांच्या दरबारात रचलेला जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. संस्कृत आणि अनेक देशभाषा एकाच दरबारात, एकाच ग्रंथात नांदताना दिसणे ही तौलनिक अभ्यासकाला पर्वणीच. तथापि तट कशाचा होता, खंदक किती खोल होता, हे सांगणे चंपूचे प्रयोजन नव्हे. परमानंदाच्या ‘शिवभारता’त आदिलशाही फौजेने १६४८ साली बंगळूरवर केलेली चाल आणि शहाजींचे ज्येष्ठ पुत्र संभाजी यांनी केलेला प्रतिकार येतो, तेथेही नगर ‘बिंगरूळ’ असे संस्कृतच्या वेषात आहे आणि युद्ध महाकाव्याच्या रीतीने चालते. काव्याने वीर जपला. माती जपली नाही.

माती दिसते ती पराक्रमाशी देणेघेणे नसलेल्या गद्यात. ऑगस्ट १७६८ मध्ये गुत्तीचे मुरारराव घोरपडे होसकोटेजवळ इंग्रज फौजेशेजारी तळ देऊन होते. हैदरअलीने रात्री त्यांच्याच तळावर छापा घातला. म्हैसूरचा इंग्रज रेसिडेंट राहिलेल्या मार्क विल्क्सने हा प्रसंग आपल्या इतिहासात सांगितला आहे. मुराररावांनी स्वारांना घोड्यावर न बसता घोड्याच्या तोंडापाशी उभे राहण्याचा हुकूम दिला, म्हणजे अंधारात जो घोड्यावर दिसेल तो शत्रू. त्यातच त्यांचा जखमी हत्ती सुटला आणि सोंडेत साखळी धरून ती फिरवीत हल्लेखोरांवरच धावला. छापा फसला. येथे संरक्षणाची भिंत नाही, खंदक नाही. एक हुकूम हाच कोट आहे. अशा ‘कोटा’चा अवशेष जमिनीत कुठून सापडणार? तो केवळ संहितेत सापडतो, आणि तीही परभाषेतील, म्हणजे त्या रात्रीच्या मित्रपक्षाच्या भाषेतील.

मित्रपक्ष हा शब्द मुद्दाम योजला आहे. या प्रदेशातील मराठ्यांच्या खुणा शोधताना ‘आपला’ इतिहास सापडल्याचा आनंद लवकर होतो, पण तो फार काळ टिकत नाही. १७९१ च्या मार्चमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस कोलार व होसकोटे घेऊन बंगळूरवर आला. ७ तारखेला पेठ आणि २१ तारखेला किल्ला पडला. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजा मे महिन्याच्या अखेरीस त्याला मिळाल्या. या मोहिमेचा मराठी पक्ष वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त वाचावा, भाऊंच्या फौजेसोबतच्या इंग्रज तुकडीची हकीकत एडवर्ड मूरने १७९४ साली छापली. परंतु या दोन साक्षींवर थांबणारा अभ्यास अपुरा ठरेल. त्याच वर्षी भाऊंच्या लष्करातील लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. त्यानंतर टिपूने शृंगेरीच्या स्वामींना पाठविलेली कन्नड पत्रे म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांना १९१६ साली मठात मिळाली. शृंगेरी व्हाइटफील्डपासून फार दूर आहे, पण युद्ध तेच आणि फौजही तीच. वेशीआडच्या माणसाला तळावरचा मराठा कसा दिसला असेल, याची कल्पना या पत्रांवरून येते, आणि आपल्या पत्रसंग्रहांच्या प्रस्तावनांतून ती क्वचितच येते. गावकूस कशासाठी होते, या प्रश्नाचे एक उत्तर ‘आमच्या’ फौजेपासून बचावासाठी, असेही आहे. तौलनिक वाचनाची खरी कसोटी येथे लागते.

१९९० च्या दशकात व्हाइटफील्डजवळ तंत्रज्ञान-उद्यान उभे राहू लागले, तेव्हापासून आसपासची शेते, तळी व बांध झपाट्याने बांधकामाखाली गेले आहेत. मातीच्या तटाला पावसाने जेवढे झिजविले, त्याहून अधिक एका पायाखणणीत नाहीसे होते, आणि तो तट होता हे खणणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. दगडाचे तसे नाही. बंगळूर शहरात किल्ल्याचा दिल्ली दरवाजा उभा आहे. १७९१ च्या मार्चमध्ये याच खिंडारातून ब्रिटिशांनी हल्ला चढविला, असे सांगणारी पाटी त्याच्या तटात बसविलेली आहे. पाटीचा मजकूर इंग्रजीत आहे.