वर्षाचें धान्य आणि पावसाळ्याचे चार महिने

शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा झाल्यावरही ठाणे जिल्ह्यांतच राहिले. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख. पाऊस मुबलक, जमीन भाताची, आणि भाताचें पीक बहुतेक ठिकाणीं वर्षांतून एकदांच. आश्विन-कार्तिकांत कापलेलें भात पुढल्या आश्विनापर्यंत पुरवावयाचें, आणि त्यांतील चार महिने असे कीं घराच्या भिंतींनासुद्धां पाणी सुटावें! धान्य पिकविण्याइतकेंच तें या चार महिन्यांतून सुखरूप पार नेणें कठीण. कल्याण-डोंबिवलीस राहून तांदूळ आणि वाल गांवाकडूनच आणविणाऱ्या कुटुंबांनाही ही काळजी चुकलेली नाहीं. फरक एवढाच, कीं गांवची कणगी गेली आणि पत्र्याचें पिंप आलें.

ती कणगी मात्र नीट पाहण्यासारखी वस्तु होती. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीनें सारवलेली, जमिनीच्या ओलीपासून उंच बसविलेली. तिच्यांत भात भरीत, तांदूळ नव्हे. आणि आमच्या मतें सारें मर्म येथेंच आहे. लागेल तसें भात काढावें, कांडावें, आणि तेवढाच तांदूळ घरांत उघडा ठेवावा, अशी ती रीत. आज आपण वर्षाचा तांदूळ गिरणींतून सडून, पांढराशुभ्र करून आणतों आणि मग तो किडतो म्हणून हळहळतों. तुसाचें चिलखत आपणच काढून टाकलें, त्यास कीड काय करील?

सोंड्याची मादी सोंडेनें दाण्यास भोंक पाडते, त्यांत एक अंडें घालते आणि वरून चिकट लेपानें तोंड बंद करते. अळी दाण्याच्या पोटांतच वाढते. म्हणून वरून निर्मळ दिसणारा तांदूळ कितीही निवडला, पाखडला, तरी महिन्याभरानें त्यांतून सोंडे निघतात, आणि घरांत धाकट्या सुनेच्या निवडण्याला नांवें ठेविलीं जातात! त्या बिचारीचा यांत कांहीं दोष नसतो. एक मादी आयुष्यांत सुमारें ३०० अंडीं घालते, आणि उबदार, दमट हवेंत एक पिढी महिना-सव्वा महिन्यांत पुरी होते. ज्येष्ठांत शिरलेल्या एका जोडीचें गणपतीपर्यंत केवढें गोत होत असेल, त्याचा हिशेब वाचकांनींच करावा. तूस शाबूत असलेल्या भातांत हा सोंडा सहसा शिरूं शकत नाहीं. भाताचा वैरी निराळा, तो म्हणजे बारीक पाखरू. परंतु तें दुबळें असल्यामुळें राशीच्या वरच्या थरापलीकडे जात नाहीं, आणि म्हणूनच कणगीचें तोंड लिंपून टाकणें शहाणपणाचें होतें.

आतां वाळवणाविषयीं. दाण्यांतील ओल शेंकडा ९-१० च्या खालीं गेली तर सोंड्याची वीण बहुतेक थांबते. भात सामान्यतः शेंकडा १२ पर्यंत वाळवितात. दांताखालीं दाणा ‘कट्‌’ असा आवाज करून तुटला म्हणजे तें वाळलें असें जुनीं माणसें समजत. पण एकदां वाळविलें म्हणजे काम झालें, ही समजूत खोटी आहे. आषाढांतील हवेंत उघडा राहिलेला दाणा हवेंतील ओल पुन्हा ओढून घेतो आणि शेंकडा १५ च्याही वर जातो. तेव्हां चैत्र-वैशाखांत वाळवावें, पुरतें निवूं द्यावें (गरम भरलें तर आंत घाम धरतो), आणि पिंप कांठोकांठ भरून झांकणाची फट बंद करावी. सडलेला तांदूळ मात्र कडक उन्हांत घालूं नये. त्याला तडे जाऊन तुकडा होतो.

बंद पिंपांत राहिलेली थोडी कीड आंतली प्राणवायूची शिल्लक स्वतःच संपविते आणि मरते. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनीं आफ्रिकेंतील कॅमेरून देशांत चवळीसाठीं तीन पदरी पिशवी तयार केली, तिचें तत्त्वही हेंच. मात्र धान्य ओलें असेल तर कीड मरून बुरशी येईल. शिवाय पिंप रोज उघडलें तर सारेंच व्यर्थ. मोठ्या कुटुंबांत नेमकें हेंच घडतें: एकच मोठी कोठी आणि दिवसांतून चार हात तिच्यांत. वर्षाचें पिंप आणि रोजचा डबा हे निराळेच असावेत, आणि पिंप महिन्यांतून एकदांच, तेंही उघाड पाहून उघडावें.

वालांचें दुखणें शेतांतूनच येतें. भुंगेरा शेंगेवर अंडीं घालतो आणि अळी दाण्यांतून घरीं येते. वाल कडक उन्हांत तापवून, निवल्यावर किलोस चमचाभर (सुमारें ५ मिलिलिटर) गोडें तेल चोळून ठेवावेत. तेलानें अंडीं गुदमरतात. राखेंत घोळविण्याची चालही चांगली. राखेनें किड्याच्या अंगावरील मेणकट थर खरवडला जाऊन तो सुकून मरतो, पण राख भरपूर आणि कोरडी हवी. निर्गुडी किंवा कडुलिंब यांचा पाला सुका असेल तर थोडा उपयोग होतो. ओला घातला तर ओलीची भेटच ती. बिब्बे घालणाऱ्यांनीं त्यांच्या तेलानें अंगास फोड येतात, हें विसरूं नये.

औषधांविषयीं मात्र आम्हांस स्पष्ट बोलणें भाग आहे. पाऱ्याच्या गोळ्या खाण्याच्या धान्यांत ठेवूं नयेत. पाऱ्याची वाफ विषारी असते. बोरिक पावडर लेंकरांच्या पोटांत जाऊं देण्याची वस्तु नव्हे. घरगुती कोठ्यांसाठीं पूर्वीं विकल्या जाणाऱ्या ‘ईडीबी’च्या कुप्यांवर भारतांत २००१ सालीं बंदी आली. आणि ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर राहत्या घरांत आणूंच नयेत. त्यांतून निघणारा वायु फटींतून शेजारच्या खोलींत जातो, तेथें निजलेलीं माणसें दगावल्याचीं उदाहरणें आहेत, आणि त्या विषावर उतारा नाहीं.

श्रावणांत कीड दिसलीच तर ढगाळ हवेंत धान्य पसरून बसण्यांत अर्थ नाहीं. तें चाळावें, लवकर संपवावें; थोडें असल्यास घट्ट पिशवींत बांधून शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यांत चार-पांच दिवस ठेवावें, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न सोडतां आधीं घरच्या हवेइतकी होऊं द्यावी. बियाण्याचें भात मात्र निराळेंच ठेवावें, आणि तें फार तापवूं नये, उगवण जाते.

राहतां राहिली नागली. तिचा दाणा इतका बारीक कीं सोंड्याच्या अळीला त्यांत वाढावयास जागाच नाहीं; कोरडी ठेवली तर ती वर्षानुवर्षें टिकते. या दोन तालुक्यांतील डोंगरउतारांवर ठाकूर आणि महादेव कोळी कुटुंबें ती पूर्वापार पेरीत आलीं आहेत. शहरांतील घरांत एखादा डबा नागलीचाही असावा. भाकरी बाळंतिणीपासून आजोबांपर्यंत सर्वांस मानवते.