आधी पाणी, मग प्रवाळ

घरात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी उभारायचे ठरले की चर्चा रंगीत माशांपासून सुरू होते आणि महागड्या दिव्यांपाशी थांबते. पाण्याचा विषय निघालाच तर ‘किती लिटर’ एवढ्यापुरता. हा क्रम उलटा हवा. प्रवाळाच्या टाकीत आपण सांभाळत असतो ते मुख्यतः पाणी, बाकीचे सगळे त्यात राहायला येतात. एवढे मान्य केले की ‘नवशिक्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी’ हा सर्रास दिला जाणारा सल्लाही तपासून घ्यावा लागतो.

दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत सुमारे 56 लिटर पाणी मावते, पाच बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत 566 लिटर. पृष्ठभाग पाचपट, साठा दहापट. उन्हाळ्यात पाणी उडते आणि मीठ मागे राहते. मोठ्या टाकीतून पाचपट पाणी उडाले तरी खारटपणातला फरक निम्माच पडतो. रात्रीत एखादा मासा मेला तर त्याच्या कुजण्यातून येणारा अमोनिया तिथे दहापट पाण्यात विरतो. समुद्रात एक लिटर पाण्यामागे 35 ग्रॅमच्या आसपास क्षार असतात आणि हा आकडा फारसा हलत नाही. प्रवाळाची घडण त्या स्थैर्यात झालेली असल्याने त्याला चढउतार सोसत नाहीत. लहान टाकी स्वस्त असते, सोपी नसते. अर्थात मोठी टाकी मिळाली म्हणून माशांची गर्दी केली, तर ही सगळी सवलत पहिल्याच महिन्यात संपते.

यावर पहिला आक्षेप वजनाचा, आणि तो रास्त आहे. पाणी, काच, दगड आणि स्टँड मिळून अशी टाकी 700 किलोच्या पुढे सहज जाते आणि हा भार जेमतेम एक चौरस मीटरवर येतो. राहत्या खोल्यांची जमीन भारतीय मानकांनुसार चौरस मीटरला साधारण 200 किलोच्या हिशेबाने आखलेली असते. तो भार संपूर्ण खोलीवर पसरलेला धरतात हे खरे, पण म्हणून टाकी खोलीच्या मधोमध ठेवता येत नाही. तिची जागा भिंतीलगत, बीमच्या आधाराने, आणि तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरने इमारत पाहिल्यानंतर. जुन्या सोसायटीत त्याने नकार दिला तर तो नकार ऐकावा.

दुसरा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो: किनारा हाकेच्या अंतरावर असताना तिथलेच पाणी न आणता मीठ विकत का घ्यायचे? कारण मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने कोकणपट्टीच्या समुद्राचा खारटपणा उतरतो, गाळ वाढतो. म्हणून आरओ-डीआय संयंत्रातून काढलेल्या, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, जवळपास शून्य असलेल्या पाण्यात समुद्री मीठ मिसळणे हाच भरवशाचा मार्ग. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. पाण्याला चव यावी म्हणून त्यात टीडीएस मुद्दाम राखलेला असतो. उडालेल्या पाण्याची भरपाई मात्र गोड्या पाण्यानेच करायची, नाहीतर मीठ साचत जाते.

पाणी तयार झाले तरी ते जिवंत व्हायला वेळ लागतो. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्ती करायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. या काळात टेस्ट किट वापरायचा आणि टाकीत मासा सोडायचा नाही. ‘तयार जिवाणू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांनी हा काळ कमी होऊ शकतो, पण चाचणी टळत नाही. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली नैसर्गिक पद्धत मांडली तीही याच तत्त्वावर: जिवाणूंची वस्ती असलेला ‘जिवंत खडक’, हवेचे बुडबुडे, आणि यंत्रे जवळपास नाहीतच. पुढे प्रवाळ वाढू लागला की सांगाड्यासाठी तो कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतो. लिटरमागे 420 मिलिग्रॅमच्या आसपास असलेले कॅल्शियम लगेच कमी झालेले दिसत नाही. आधी घसरते ती अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण, कारण तिचा साठा तुलनेने फार लहान असतो. म्हणून रोज मोजायची ती तीच.

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त छळते ती उष्णता. टाकी 25 ते 27 अंशांत राहावी लागते. समुद्रात पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एकाच अंशाने वर जाऊन काही आठवडे तिथेच राहिले, तरी प्रवाळ आपल्यातली शैवाले बाहेर टाकून पांढरा पडतो. त्यामुळे चिलर लागतो. तो पाण्यातून ओढलेली उष्णता खोलीतच सोडतो, तेव्हा त्याला मोकळी हवा हवी. मग दारे-खिडक्या लावून एसी चालू ठेवू, असे कोणी म्हणेल. पण बंद खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. अ‍ॅरिझोनातल्या ‘बायोस्फिअर-2’ या बंदिस्त प्रकल्पाच्या कृत्रिम समुद्रात नेमके हेच अभ्यासले गेले: कार्बन डायऑक्साइड वाढेल तशी प्रवाळांची सांगाडा बांधण्याची गती मंदावते. त्यात वीज गेली की कोमट खाऱ्या पाण्यातला मुळातच कमी असलेला प्राणवायू झपाट्याने संपतो. म्हणून दिव्यांच्या आधी इन्व्हर्टरची आणि बॅटरीवर चालणाऱ्या एअरपंपाची सोय हवी.

सर्वात जड आक्षेप कायद्याचा आणि नीतीचा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलणे हा गुन्हाच. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराचे नियंत्रण आहे, तेव्हा दुकानदाराच्या ‘हा इम्पोर्टेड आहे’ या तोंडी खात्रीला अर्थ नाही. कागदपत्रे नसतील तर प्रवाळ घेऊ नये, आणि ती बहुधा नसतात. तरी वर सांगितलेली पाण्याची मेहनत वाया जात नाही. सिरॅमिकचे किंवा सुके खडक रचून, माशांचीच टाकी करता येते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची बंदिस्त पैदास केली आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही असे प्रयत्न झाले आहेत. असा पैदास केलेला मासा टाकीला सरावलेला असतो आणि निसर्गात तो ज्यात आसरा घेतो त्या समुद्रफुलाचीही (सी-अ‍ॅनिमोन) त्याला गरज लागत नाही.