सिरीज बल्बच्या उजेडात

"भाऊ, गुंऽऽ करतंय, पण फिरंना गेलंय."

दुरुस्तीच्या टेबलावर मिक्सर ठेवताना गिऱ्हाईक असे लक्षण सांगते, बिघाड सांगत नाही. मग प्रश्न सुरू होतात. भांड्यात काय होतं? लाईट डिम होती का? जळका वास आला का? किती वेळ सलग चालवला? झाकण उघडण्याआधी जाणता मेकॅनिक एवढे विचारतोच. या चार उत्तरांत निम्मे निदान होऊन जाते, आणि मला या धंद्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. पेचकस त्यानंतर हातात येतो.

हे टेबल वाशीतले. धाराशिव जिल्ह्यातले वाशी हे बालाघाटच्या डोंगररांगांतले तालुक्याचे गाव. नवी मुंबईतल्या वाशीशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा ही इथली पिके. धुळे-सोलापूर महामार्ग पारगाव, तेरखेड्यावरून तालुक्यातून जातो आणि आसपासच्या माळांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. मोठ्या शहरात फ्रिजवाला वेगळा, टीव्हीवाला वेगळा, मोटार भरणारा वेगळा असतो. तालुक्याच्या पेठेत एवढी वाटणी परवडत नाही. पंखा, इस्त्री, कूलर, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि पुष्कळदा शेतातली पाणबुडी मोटारसुद्धा एकाच छपराखाली येते. त्यामुळे इथल्या मेकॅनिकला एक गोष्ट फार लवकर कळते. यंत्र बिघडते ते बहुतेक वेळा बाहेरच्या कारणाने. कारण तारेतून येते, बोअरच्या पाण्यातून येते, कधी आभाळातून येते. त्या टेबलावरच्या यंत्रांत गावची वीज, पाणी आणि हवा नोंदलेली असते.

त्याचे पहिले हत्यार अगदी साधे आहे. लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि त्याच्याशी एकसरीत जोडलेले सॉकेट. याला सिरीज बोर्ड म्हणतात. संशयित यंत्राची पिन या सॉकेटात घालायची आणि बल्बकडे पाहायचे. पेटलाच नाही, तर आत कुठेतरी तार तुटलेली आहे. पूर्ण प्रखर पेटला, तर शॉर्ट आहे. मंद, लालसर पेटला, तर वीज वाइंडिंगमधून जाते आहे आणि मोटार बहुधा शाबूत आहे. शॉर्ट असला तरी फ्यूज उडत नाही, कारण बल्बची तार प्रवाह अडवून धरते. यासाठी तापणाऱ्या तारेचाच बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. बाजारातून पिवळे बल्ब कमी होऊ लागले तसे अनेक कारागिरांनी ते जपून ठेवायला सुरुवात केली.

आता मिक्सर. आपल्याकडच्या मिक्सरची कहाणीच मुळी न झालेल्या दुरुस्तीतून सुरू होते. 1960 च्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा ब्राऊन कंपनीचा परदेशी मिक्सर जळाला. हलक्या कामासाठी बनवलेल्या त्या यंत्राला भारतीय वाटण पेलले नव्हते. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंता होते. त्यांनी इथल्या वाटणाला पुरेल अशी दणकट मोटार घडवली आणि त्यातून 'सुमीत' मिक्सर जन्माला आला. पुढे मिक्सर म्हणजेच सुमीत असे समीकरण कितीतरी घरांत झाले.

मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरात या मोटारीची रोज परीक्षा असते. शेंगदाण्याचा कूट, सुक्या मिरच्या, खोबरे, येसराचा मसाला हे सगळे कोरडे दळण, आणि कोरड्या दळणात पाते अडले की मोटारीवर ताण येतो. मिक्सरची मोटार मिनिटाला सुमारे अठरा ते वीस हजार फेरे घेते. छताचा पंखा साडेतीनशेच्या आसपास घेतो, त्यावरून अंदाज यावा. फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे दोन कार्बन सतत घासत असतात आणि झिजतात. झिजले की ठिणग्या वाढतात आणि तांब्याचा कम्युटेटर काळा पडतो. कार्बन वेळेवर बदलले तर आर्मेचर वाचते, आणि आर्मेचरच्या किमतीपुढे कार्बनची किंमत नगण्य असते. खालच्या बाजूला एक छोटे लाल बटण असते. ताण वाढला की ते स्वतःहून बाहेर येते आणि मिक्सर बंद पडतो. थोडा वेळ थांबून ते दाबायचे एवढेच काम असते, तरी केवळ त्यापायी कितीतरी मिक्सर दुकानापर्यंत येतात. वरचा प्लास्टिकचा कपलर तर तुटण्यासाठीच असतो. पाते अडकले की आधी त्याने तुटावे आणि मोटारीने वाचावे, अशी ती योजना आहे. त्याचे आटे उलटे असतात. ही खूण ठाऊक नसलेला माणूस नेहमीच्या दिशेने जोर लावतो आणि तो अधिकच आवळतो.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र विजेच्या गुन्ह्यांची दुरुस्ती करण्यात जातो. घरात 230 व्होल्ट यावेत अशी अपेक्षा असते. फीडरच्या टोकाला, शेतीच्या मोटारी जोरात चालू असताना, दाब बराच खाली येतो. अशा मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दाब 160 वर आला तर 230 च्या मानाने तो सत्तर टक्के झाला, पण जोर निम्म्याहूनही कमी उरला. फ्रिजचा कॉम्प्रेसर अशा वेळी गुंगुं करतो, सुरू होत नाही, कितीतरी पट प्रवाह ओढतो, तापतो. ओव्हरलोड नावाचा स्विच त्याची वीज तोडतो, निवल्यावर पुन्हा जोडतो. हा खेळ रात्रभर चालला की वाइंडिंगवरचा मुलामा करपतो. म्हणून चांगल्या स्टॅबिलायझरला लाईट आल्यावर काही मिनिटे थांबायची सोय असते. तेवढ्या वेळात कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंचे वायूचे दाब सारखे होतात आणि तो हलका सुरू होतो. लाईट येताच फ्रिजचे बटण दाबणाऱ्या घाईने किती कॉम्प्रेसर गेले असतील, याचा विचार मनाला लागतो.

याहून वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणे. तीन फेजची लाइन गावात येते, प्रत्येक घराला एक फेज आणि सामाईक न्यूट्रल मिळतो. खांबावर न्यूट्रल निसटला की दोन फेजांमधला 400 व्होल्टांचा दाब घराघरांत असमान वाटला जातो. काही घरांत दिवे मंदावतात, काहींत लख्ख होऊन फुटतात. दुसऱ्या दिवशी एकाच गल्लीतले टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, चार्जर रांगेने टेबलावर येतात. ही रांग पाहताच मेकॅनिकला कळते की दोष यंत्रांचा नाही. तो आधी लाइनमनला कळवायला सांगतो. पावसाळ्यापूर्वी आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हाही अशीच रांग लागते. बोर्डवरचा व्हॅरिस्टर नावाचा चपटा तुकडा फुटलेला दिसला, तर त्याने स्वतः जळून बाकीचा बोर्ड वाचवला, असे अनेकदा निघते.

वाशी, भूम, कळंब हा खव्याचा मुलूख आहे. कुंथलगिरीच्या खव्याचे नाव दूरवर आहे. खवा म्हणजे आटवलेले दूध. उन्हाळ्यात तो फार काळ टिकत नाही, म्हणून धंदा करणाऱ्याला डीप फ्रीझर लागतो, आणि तो बंद पडला की मेकॅनिकला वेळेशी शर्यत लावावी लागते. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तर सुमारे दोन दिवस थंडी धरून ठेवतो. अर्धा भरलेला असेल तर एकच दिवस. म्हणून फोनवर पहिली सूचना असते, "झाकण उघडू नका."

मेकॅनिक पोचतो तेव्हा त्याच्याबरोबर जागतिक करारही दारात येतो. जुन्या फ्रिजमध्ये आर-12 हा वायू असे. तो ओझोनचा थर विरळ करतो हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दाखवले. 1987 चा मॉन्ट्रियल करार त्यातूनच पुढे आला, भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला आणि 2010 पासून त्या कुळातल्या वायूंना आपल्याकडे पूर्णविराम मिळाला. पुढे आर-134ए आला. आज घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आर-600ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. त्याने ओझोनला धोका नाही आणि तापमानवाढीतला त्याचा वाटाही अगदी थोडा, पण तो स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेतो. एका फ्रिजला तो अगदी थोडाच लागतो, त्यामुळे तो काट्यावर मोजून भरावा लागतो. अंदाजाने भरण्याची जुनी सवय इथे चालत नाही. नळी जोडण्यासाठी ज्योत पेटवण्यापूर्वी आतला वायू काढून खोली हवेशीर करावी लागते. भरण्याआधी व्हॅक्यूम पंपाने नळ्या कोरड्या कराव्या लागतात. कारण थंडी निर्माण करणारी कॅपिलरी नळी आतून एक मिलिमीटरहूनही बारीक असते. पाण्याचा अंश आत राहिला तर तो तिच्या तोंडाशी गोठतो, वाट अडवतो, वितळला की पुन्हा वाट देतो. फ्रिज कधी चालतो कधी चालत नाही, असे गूढ दुखणे त्यातून उद्भवते. व्हॅक्यूमच्या अर्ध्या तासाला गिऱ्हाईक उगाच वेळकाढूपणा समजते. तो अर्धा तास घेणाऱ्याकडेच फ्रिज द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातले विरघळलेले बायकार्बोनेट तापवले की कार्बोनेट होऊन खाली बसते. गीझरच्या आणि पाणी तापवण्याच्या रॉडवर त्याचा पांढरा थर चढतो. उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, आतली तार तापत राहते आणि तुटते. कूलरचा पंपही याच थराने अडतो, म्हणून चैत्र-वैशाखात टेबलावर कूलरच कूलर असतात.

या धंद्यातले खरे ग्रंथालय मोटार भरणाऱ्याच्या वहीत आहे. जळालेल्या मोटारीतली तार तो घाईने कापत नाही. आधी स्लॉट मोजतो, गुंडाळी कोणत्या स्लॉटातून कोणत्या स्लॉटात गेली ते पाहतो, एका गुंडाळीचे फेरे मोजतो, मायक्रोमीटरने तारेचा गेज घेतो आणि सगळे वहीत उतरवतो. मग नवी तार, स्लॉटमध्ये इन्सुलेशनचा कागद, वर बांबूची कामटी, जोडांवर स्लीव्ह, सुती दोऱ्याने बांधणी आणि शेवटी वॉर्निश. वाशीच्या उन्हात वॉर्निश वाळायला फार वेळ लागत नाही. जळके तांबे भंगारात वजनावर जाते. पुढच्या वेळी तशीच मोटार आली की वही उघडते. कंपनीने कुठेही न छापलेली माहिती त्या पानांवर असते. एखाद्या कारागिराने धंदा सोडला आणि वही रद्दीत गेली, तर केवढे ज्ञान जाते! औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा वह्यांच्या प्रती काढून जपाव्यात, असे मला मनापासून वाटते.

सुटे भाग मोठ्या पेठांतून आणावे लागतात. बार्शी, लातूर, सोलापूर या त्यातल्या जवळच्या. कंपनी टिकली नाही तरी यंत्र टिकते, हेही इथे दिसते. मराठवाड्याच्याच मातीतून उभ्या राहिलेल्या व्हिडिओकॉनने 1980 च्या दशकापासून घराघरांत टीव्ही आणि पुढे वॉशिंग मशीन पोचवली. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिची जी यंत्रे अजून चालतात, ती जुळणारा टायमर, जुळणारा पट्टा शोधणाऱ्या मेकॅनिकच्या चिकाटीवर चालतात. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात घरगुती उपकरणेही धरली आहेत. सर्किटचा नकाशा आणि सुटा भाग तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचला, तरच तो हक्क वाशीतल्या घरापर्यंत येईल.

नव्या पंख्यांनी आता वेगळेच आव्हान आणले आहे. जुना पंखा हळू फिरला की अडीच मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बदलायचा, त्याला इकडे कंडेन्सर म्हणतात, आणि बरेचदा तेवढ्यावर काम व्हायचे. बीएलडीसी पंख्यात तो कंडेन्सर नाही. सुमारे 75 वॅटच्या जागी तीसेक वॅटमध्ये तो चालतो, वीजबिल वाचवतो, पण त्याच्या पोटात एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे. वाइंडिंगमध्ये आयुष्य गेलेल्या हातांना आता मिलिमीटरच्या मापाचे तुकडे भिंगाखाली धरून सोल्डर करावे लागतात. काहीजण ते मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकले आहेत. जळका तुकडा काढून नवा बसवला की बोर्डला थेट वीज द्यायची नसते, आत आणखी काही शॉर्ट असेल तर नवा तुकडाही क्षणात जातो. म्हणून ते फळीवरचा जुना पिवळा बल्ब एकसरीत जोडतात आणि त्याच्या उजेडाकडे पाहत बटण दाबतात.